‘वाचलं का’चं पान

मुलगोल, १४ जानेवारी

ग्यू-चल,

पत्राच्या सुरुवातीला थंडीची चौकशी करायची असते. सोलमध्ये जानेवारीत थंडी असणारच, आणि मला आज तेवढा धीर नाही. शेजारच्या बाईंच्या फोनवरून तुला दोनदा फोन केला. अनोळखी नंबर म्हणून उचलला नसशील. मेल लिहायला हात धजत नाही, का ते पुढे कळेलच. म्हणून हे कागदाचं पत्र, तेही रजिस्टर. पावती माझ्या पर्समध्ये आहे.

बुधवारी, नऊ तारखेला, आमच्या सार्वजनिक न्हाणीघराचा बॉयलर फुटला. सकाळचे अकरा वाजले होते. बायकांच्या बाजूला आठ आज्या अंग घासत बसल्या होत्या. त्या सगळ्या टॉवेल गुंडाळून रस्त्यावर धावल्या, एकीलाही ओरखडा नाही. पण खाली तळघरात बॉयलर सांभाळणारे बोंग काका होते. छाती आणि दोन्ही हात भाजले. तुला ते आठवत असतील, आईच्या अंत्यविधीला तीनही दिवस दाराशी चपला लावत बसले होते ते.

आता माझं ऐक. सत्तावीस डिसेंबरला काकांनी मला खाली बोलावलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून गळणारं पाणी दाखवलं. म्हणाले, “पोरी, हा थेंब मला आवडत नाही. मालकांना कळव. आजच.” प्यो मालक तिसऱ्या मजल्यावरच बसतात, पण त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. तोंडी तक्रार चालत नाही, मेल करायची. मागे टॉवेलवाल्याशी त्यांचं भांडण झालं तेव्हापासून त्यांना सगळं लेखी लागतं. मी तिथेच उभ्या उभ्या फोनने फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि पाठवलं. काकांना सांगितलं, “पाठवलं.” ते म्हणाले, “मग ठीक.” मालकांच्या हुकमाशिवाय बॉयलर बंद करता येत नाही, म्हणून आच कमी ठेवून ते उत्तराची वाट बघत राहिले. नव्या वर्षाच्या गर्दीत मीही परत विचारलं नाही.

मालक म्हणतात, मेल आलीच नाही. मी बसते त्या काउंटरच्या संगणकावर सगळ्यांसमोर मेल उघडली. पाठवलेल्या मेलमध्ये सत्तावीस तारखेचं काही नाही. पाठवलेली मेल समोरच्याने उघडली का ते दाखवणारं ‘वाचलं का’चं पान उघडलं, तिथेही नाही. आदल्या दिवशी साबणाची मागणी पाठवली होती, ती आहे, समोर ‘वाचलं, ४ वाजून १० मिनिटं’ असं लिहिलेलंही आहे. मी ते पान तीनदा खालीवर करून बघितलं.

श्रम कार्यालयाचे तपासनीस चोवीस तारखेला दुपारी दोनला माझा जबाब घेणार आहेत. मी पाठवलं असेल तर दोष वरच्या मजल्याचा. पाठवलं नसेल तर काकांना मी भाजलं.

हरवलेल्या मेल शोधून द्यायचं तुझं कामच आहे. मी तुला इतक्या मेल पाठवते, तू एकीचंही उत्तर देत नाहीस. काही म्हणत नाही मी. अंगणातलं आईचं पर्सिमॉनचं झाड तोडलं तेव्हाही तू काही बोलला नाहीस, मी समजले तुझी हरकत नाही. पण या एकाचं उत्तर दे.

ही-रान

सोल, १६ जानेवारी

ताई,

पत्र काल मिळालं. काका वाचले हे महत्त्वाचं.

आता घाबरू नकोस आणि मी सांगतो ते दोनदा वाच. अशा तक्रारी माझ्याकडे दिवसाला वीस येतात. संगणकावरून पाठवलेली मेल संगणकाच्या पेटीत पडते. फोनच्या ॲपमधून पाठवलेली मेल कधीकधी फोनमधल्याच पेटीत राहते. दोन्हींचं नाव ‘पाठवलेल्या’ असंच असतं, म्हणून माणसाला वाटतं पेटी एकच आहे. फोन लावून देणाऱ्याने दोन्ही पेट्या जोडल्या नसतील, तर फोनवरून गेलेली मेल वेबमेलवर कधीच दिसत नाही. पण ती गेलेली असते.

आणि ‘वाचलं का’चं पान. अख्खा देश त्या पानाला देवाचा शब्द समजतो. त्या पानावर फक्त वेबवरून पाठवलेल्या मेलची नोंद होते. फोनच्या ॲपने पाठवलं तर तिथे काहीच दिसत नाही. तेव्हा मालक ते पान नाचवत असतील तर नाचवू देत.

तू एवढंच कर. फोनमध्ये मेलचं ॲप उघड. डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाब. फोल्डरची यादी येईल. ‘पाठवलेल्या’ नावाची एक किंवा दोन घरं दिसतील, दोन्ही उघडून बघ. मेल दिसली की दुसऱ्या कुणाच्या तरी फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेव आणि मला कळव.

तुझ्या मेल मला मिळतात. सगळ्या वाचतो. कामामुळे उत्तर द्यायला होत नाही, एवढंच. इथे कामावर शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, संध्याकाळी बाहेर पडेपर्यंत डोकं चालत नाही.

ग्यू-चल

मुलगोल, १७ जानेवारी

ग्यू-चल,

तू सगळ्या वाचतोस हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. मला वाटायचं, विहिरीत दगड टाकतेय.

आता कामाचं. तीन रेघा दाबायच्या कशा? बॉयलर फुटला तेव्हा मी काकांना ओढायला खाली धावले, फोन गरम पाण्यात पडला. तेव्हापासून उजळतो आणि मावळतो. काल पूर्ण मावळला. तुझं पत्र आलं तशी तो घेऊन बाजारातल्या फोनच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने कानाशी धरून हलवून बघितला, जसा काही नारळच आहे. म्हणाला, “काकू, शनिवारी या. नवाकोरा करून देतो.” मी म्हटलं, आतलं काही जायला नको. तो म्हणाला, “जाणार कुठे?”

न्हाणीघराला पिवळी पट्टी लावलीय. सकाळी माझा डबा आणायला गेले तर जिन्यात मालक भेटले. मला म्हणाले, “ही-रान बाई, तुमच्याबद्दल माझं मन वाईट नाही. कामाच्या गर्दीत राहून जातं. राहून गेलं म्हणा, मोकळ्या व्हा. ‘वाचलं का’वर जे नाही ते कुठेच नाही.” तू सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, फोनची पेटी वेगळी, संगणकाची वेगळी. ते म्हणाले, “आता पेट्या पण दोन झाल्या का? उद्या मालकही दोन म्हणाल.” आवाज मऊ होता त्यांचा, म्हणून जास्त झोंबलं.

दुपारी दवाखान्यात गेले. काकांची मुलगी दारात उभी होती, आत सोडायला तयार नव्हती. काकांनीच आतून हाक मारली. दोन्ही हात कोपरापासून गुंडाळलेत. मी आणलेलं समुद्री शेवाळाचं सूप तिने बाजूला ठेवलं. काकांनी एकच विचारलं, “पोरी, पाठवलं होतंस ना?”

मी म्हटलं, “हो.”

पण ग्यू-चल, म्हणताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्या दिवशी वरून कुणीतरी टॉवेल मागत होतं. लिहिलेलं मला आठवतं. फोटो जोडलेला आठवतो. बोटाने शेवटचं बटण दाबलं का, हे जितकं आठवायला जाते तितकं निसटतं. माणूस हजारदा बटण दाबतो, त्यातलं एखादं आठवतं का? तू सांग.

ही-रान

सोल, १८ जानेवारी

ताई,

पत्र आत्ता, संध्याकाळी हातात पडलं. मोठ्या पोस्टात जाऊन आजच टाकतोय.

दुकानदाराला फोनमधलं मेलचं खातं काढू देऊ नकोस. काही झालं तरी काढू देऊ नकोस. बिघडलेला फोन हातात आला की ही माणसं पहिलं काम तेच करतात, खातं काढायचं आणि पुन्हा घालायचं. वेबवरच्या मेल परत येतात, म्हणून गिऱ्हाईकही खूश. पण तुझी मेल वेबवर नाहीच. ती फक्त त्या फोनमध्ये आहे. खातं काढलं की ती पेटीही गेली, आणि मग मी काय, माझ्या कंपनीतला कुणीच ती आणू शकत नाही.

हे सांगायला मी कुठे फोन करू? तुझा फोन दुकानात, न्हाणीघर बंद, घरचा फोन तू आईनंतर काढून टाकलास. शेजारणीचा नंबर लावला तर कुणी उचलत नाही. बाजारातली फोनची तीन दुकानं शोधून तिघांना फोन केले. दोघे म्हणाले अशा बाई आल्या नाहीत, तिसऱ्याने उचललाच नाही. तोच असणार.

पत्र मिळताच पळ. चपला घालायला थांबू नकोस.

आणि बटण दाबलंस की नाही यावर रात्रंदिवस विचार करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू काकांना ‘पाठवलं’ म्हणालीस ना? न करता ‘केलं’ म्हणणारी तू नाहीस.

ग्यू-चल

मुलगोल, २१ जानेवारी

ग्यू-चल,

तुझं पत्र आज, सोमवारी दुपारी आलं. फोन मी शनिवारीच घेऊन आले होते.

खरंच नवाकोरा करून दिलाय त्याने. मोठ्या अभिमानाने म्हणाला, “काकू, मेल अडकत होती, खातं काढून परत घातलं. आता बघा कशी पळतेय.” मी तिथेच तीन रेघा दाबल्या. ‘पाठवलेल्या’ उघडलं. साबणाची मागणी, लॉकरच्या किल्ल्यांची यादी, सगळं काउंटरवरून पाठवलेलं. सत्तावीस तारीख नाही. तेव्हा वाटलं, अजून एखादी पेटी असेल, तुझं पत्र येईल, तू सांगशील. तुझं पत्र आलं, आणि त्यात तू हेच लिहिलंस की ती गेली.

दुकानदारावर ओरडले नाही. बिचाऱ्याने पैसेही कमी घेतले.

आता जे लिहिते ते शांतपणे लिहितेय, तूही शांतपणे वाच. सकाळपासून त्या दिवसाचा एकेक क्षण पुन्हा काढून बघितला. एक गोष्ट आठवली. मला ही नोकरी लागली तेव्हा तूच काउंटरवर बसून मेल शिकवली होतीस. म्हणाला होतास, “ताई, महत्त्वाची मेल असली की प्रतीच्या जागी आपलं एक माणूस घालायचं. पुढे कुणी कानांवर हात ठेवले तर साक्षीला होतं.” आपलं माणूस म्हणून माझ्याकडे तुझाच पत्ता. बॉयलर, वीज, दवाखाना, असलं काही असलं की मी तुझं नाव घालतेच. बोटांना सवयच आहे. त्या दिवशीही घातलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं, कारण तुझं नाव लिहिताना मनात आलं होतं की हा यंदा तरी सणाला येईल का.

म्हणजे मेल गेली असती तर तुलाही मिळाली असती. तू माझ्या सगळ्या मेल वाचतोस. मिळाली असती तर पहिल्याच पत्रात सांगितलं असतंस. तू काही म्हणाला नाहीस. तेव्हा ती गेली नाही. लिहिली, फोटो जोडला, कुणीतरी टॉवेल मागितला, आणि मी फोन एप्रनच्या खिशात टाकला. असंच झालं असणार. मालक खोटं बोलत नाहीत, आणि तू तर माझ्याशी खोटं कशाला बोलशील?

गुरुवारी दोनला जाऊन मी तसंच सांगणार आहे. राहून गेलं म्हणून सही करणार. आधी दवाखान्यात जाऊन काकांना सांगणार होते, पण त्या दारातून आत जायचं बळ नाही. सहीनंतर जाईन.

फोन बंद करून ठेवलाय. मालक सारखा करतात, समजूत घालायला. तुला फार त्रास दिला. जेवत जा.

ही-रान

२४ जानेवारी, मुलगोलच्या बसमध्ये

ताई,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. मी ते तुझ्या हातात देणार आहे, कारण तोंडाने हे मला सांगता येणार नाही. अक्षर वाकडं आलंय, घाटाचा रस्ता आहे.

तुझं पत्र काल संध्याकाळी वाचलं. मी तुझ्या मेल वाचत नाही. दोन वर्षांत एकही उघडलेली नाही.

आईचा अंत्यविधी आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी निघालो, तेव्हा तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस, “पाहुणा आला होता, जेवून गेला.” मी याच बसमध्ये बसून फोन काढला आणि मेलला नियम घालून दिला. तुझ्या पत्त्यावरून जे येईल ते समोर न दाखवता परस्पर एका फोल्डरमध्ये टाकायचं. फोल्डरला नाव दिलं ‘गाव’. लोकांना मी रोज सांगतो, मेल हरवत नाही, तुम्हीच कुठेतरी ठेवलेली असते. आणि तुला दोन-दोन पत्रं लिहून सगळीकडे शोधायला लावलं, स्वतःच्या पेटीत बघितलं नाही. सुचलं नाही असं म्हणणार नाही. त्या फोल्डरकडे बघायचं धैर्य नव्हतं.

काल उघडला. दोनशे बारा मेल. न वाचलेल्या, सगळ्या काळ्या ठळक अक्षरांत. खाली जात जात सत्तावीस डिसेंबरला आलो. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. प्रति, प्यो मालक. प्रत, मेंग ग्यू-चल. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय. बोंग काका म्हणतात धोका आहे, आजच माणूस बोलवा. फोटो जोडला आहे.’ फोटोत व्हॉल्व्हखाली काकांचा हात आहे, थेंब तळव्यावर घेतलेला.

ताई, तू बटण दाबलं होतंस.

मेल निघाल्यापासून पोचेपर्यंत वाटेत जिथे जिथे थांबते तिथला शिक्का तिच्या आत असतो, वेळेसकट. तो सगळा माग छापून बरोबर घेतलाय. माझी प्रत पोचली, म्हणजे पाठवणारीने पाठवली, यावर आता कुणालाही वाद घालता येणार नाही. मालकांच्या पत्त्यावरच्या प्रतीचं काय झालं ते, आता नेमकी वेळ हातात आहे म्हटल्यावर, तपासनीस मेल कंपनीकडून मागवतील.

सकाळपासून तुला फोन लावतोय, बंद. श्रम कार्यालयाला लावला, लाईन सतत व्यस्त. बस एक वाजून वीस मिनिटांनी पोचते असं लिहिलंय. पुढे कुठेतरी ट्रक उलटलाय, पाऊण तास झाला आम्ही घाटात उभे आहोत. चालकाला विचारलं, तो म्हणाला, “साहेब, उतरून ढकलता का?”

बाकीच्यांतलीही एक वाचली. गेल्या वर्षी मार्चमधली. ‘आईचं पर्सिमॉनचं झाड शेजारच्या भिंतीवर रेललंय. आठ दिवसांत काही बोलला नाहीस तर तोडते. मला तोडायचं नाही. नाही म्हण.’

बस हलली. सही करू नकोस. देवा, सही करू देऊ नकोस तिला.

ग्यू-चल

मुलगोल, २९ जानेवारी

ग्यू-चल,

तू त्या दिवशी कार्यालयाच्या दारात कोटाची बटणं वरखाली लावून धापा टाकत उभा होतास, आणि माझ्या हातात पेन होतं, सही तेवढी व्हायची होती. तपासनीस बाई तुला म्हणाल्या, “रांगेत बसा.” तू म्हणालास, “दोन वर्षं बसलोय.” त्या बाईंना काही कळलं नाही. मला कळायलाही रात्री तुझं पत्र वाचावं लागलं. वाचून इतका राग आला की ते चुलीत घालणार होते. मग दोनदा अजून वाचलं.

तू दुसऱ्या दिवशी परत गेलास, त्यानंतरचं सांगते. मेल कंपनीकडून कागद आला. मालकांची प्रतही त्याच मिनिटाला पोचली होती. त्यांनी दोन तारखेला तीस-चाळीस मेल एकदम, न उघडता पुसून टाकल्या, त्यात ती गेली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं की वाईट, अजून ठरत नाही. त्यांच्यावर काय होईल ते कार्यालय बघेल. काल ते स्वतः दवाखान्यात गेले, लिफ्टने नाही, जिन्याने, असं काकांच्या मुलीने सांगितलं.

आणि काका. आपण दोघं गेलो होतो तेव्हा तू दारापाशीच थांबलास, म्हणून तुला नीट ऐकू आलं नसेल. मी छापलेला कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने वाचला. तारीख, वेळ, सगळं. काकांनी कागदावरच्या फोटोतला स्वतःचा हात बघितला. मग म्हणाले, “पाठवलं होतंस. मला वाटलंच होतं.” मला रडू फुटलं. ते म्हणाले, “रडू नको. वाचलं कुणीच नाही ना? मग तू आणि मी शहाणे कसले! जिने चढून एक हाक मारायची होती. मी म्हातारा थेंब मोजत बसलो आणि तू उत्तराची वाट बघत बसलीस.” मुलीने मी नेलेला सुपाचा डबा उघडला आणि त्यांना भरवायला माझ्या हातात चमचा दिला.

तू लावून दिल्यापासून फोन नीट चालतोय. फोनवरून पाठवलेलं आता संगणकावरही दिसतं. मी रोज एक मेल स्वतःलाच पाठवून दोन्हीकडे बघते. हसू नकोस.

तुझी उत्तरंही येताहेत. पहिल्या मेलपासून क्रमाने, रोज पाच-सहा. आईचा हिवाळी कोट कुणाला देऊ, याचं उत्तर परवा आलं. तो मी दोन वर्षांपूर्वीच बोंग काकूंना दिला, पण तूही त्यांचंच नाव लिहिलंस हे वाचून बरं वाटलं. काल क्रम मोडून झाडाचं आलं, ‘नाही. तोडू नकोस.’ एवढंच. ते वाचून मी अंगणात जाऊन बुंध्यावर बसले. तो बसण्यापुरता ठेवला होता. गार होता, पण बसले. पाहुणा म्हणाले होते, ते बोलायला नको होतं मी. तेव्हाच कळलं होतं मला, पण दोनशे बारा मेलमध्ये ते एक लिहायचं राहिलं.

पाच फेब्रुवारीला सॉल्लाल, चांद्र नववर्षाचा सण आहे. आईच्या पूजेचं ताट मी एकटी मांडते, यंदाही मांडीन, तांदळाच्या वड्यांचं सूप मात्र दोघांचं घालतेय. येणार असशील तर मेल करू नकोस, फोनही करू नकोस, आणि हे पत्र मिळालं म्हणूनही कळवू नकोस. सकाळी दारात उभा राहा, तेवढी पोच मला पुरे.

तुझी ताई